जवला धुवून दे

रिक्षात बसताना हरकूमावशीने
किल्ली नंतर दिली, आधी यादी दिली.
तोंडी. एक पाय बाहेरच ठेवून.
"चितरीला भात चालतं, पन कालचा नको.
तांबरीला कलिंगराचा पांढरा,
लाल आपुन खायाचा.
उघड्या मानेचीला काय बी दे, ती खाल,
पन कुनाला सांगू नको.
आन जवला धुवून दे रं,
खारा त्याना सोसत नाय."
निवास म्हणाला, आई, डॉक्टर निघून जाईल.
मग पाय आत गेला.

घणसोली गावठाणात मी तिच्या वरच्या खोलीचा भाडेकरू.
रबाळ्याला रात्रपाळी, सकाळी सातला घरी.
चार चार मजल्यांच्या मधोमध उरलेली
गादीएवढी जमीन, तिच्यावर एक शेवगा,
एक उपडी टोपली आणि पाच कोंबड्या.
कोंबडी माणसाकडे दोन डोळ्यांनी बघत नाही.
एकाने बघते,
मग मान वळवून दुसऱ्याने खात्री करते.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला.
सेक्टर सातातून पिशवीबंद खाद्य आणलं,
पिशवीवर हसणारी कोंबडी.
यांनी ते पायाने उकरून काढलं,
खाली काही बरं आहे का बघायला.

मग शिकलो.
शेपू नाही. शेपू त्या शेण ओलांडावं तसा ओलांडतात.
मेथी हो, पण जुडी दोरीने टांगलेली.
जमिनीवर पडलेल्या मेथीला मान नाही.
संत्र्याची साल उघड्या मानेचीनेसुद्धा सोडली.
पपईच्या बिया आधी तांबडीला, नाहीतर दिवसभर बोलणी.
झुरळ सापडलं तर ते कोणाचं
हे ठरायला पाच मिनिटं आणि एक पीस जातं.
खाडीवरून आणलेल्या कालवांच्या शिंपल्या
पाट्यावर कुटायच्या, अगदी पीठ नको, रवा.
अंड्याची कवचं द्यायची तर भाजून, चुरून,
ओळखू येता कामा नयेत.

आणि जवळा.
डबा उघडताना आवाज होत नाही,
तरी त्या पोचलेल्या असतात.
दोन पाण्यांतून काढायचा, फडक्यावर निथळायचा.
ऑफिसात शेजारची मुलगी
खुर्ची घेऊन खिडकीपाशी गेली.
मी बोटं हुंगली. मला काही वाटलं नाही.

नवव्या दिवशी वाशीहून निवासचा फोन.
"जेवत नाही ती. ताट तसंच परत जातं.
आहारवाली बाई विचारते, यांना काय आवडतं?
आम्ही सगळे इथे उभे आहोत.
तुला माहीत आहे का?"

मी कठड्याला टेकलो.
चितरीचं मला माहीत होतं.
लंगडीचं, पिवळीचं, सगळ्यांचं माहीत होतं.
मावशीचं ताट आठवून पाहिलं, ताटच नव्हतं.
ती मला दिसलेली नेहमी उकिडवी,
मागच्या दारात, कोंबड्यांकडे तोंड करून,
हातात काहीतरी,
थोडं त्यांना, थोडं स्वतःला.
काय असायचं ते?
तांदळाची भाकरी. मधला मऊ भाग त्यांना जायचा.
वरचा पापुद्रा, करपलेला,
तो मात्र तिने कधी कुणाला टाकला नाही.

"करपलेला पापुद्रा," मी म्हणालो.
"काय?"
"तांदळाच्या भाकरीचा.
आणि खाताना तिच्याकडे बघत उभे राहू नका."

फोन चालूच राहिला.
मागे कुणाची तरी ट्रॉली गेली, चाक करकरत.
कोणी बोललं नाही.

तांबडी जिना चढून वर आली होती.
उजव्या डोळ्याने पाहिलं तिने, मग डाव्याने.
डबा माझ्या काखेत, अजून कोरडा.
थांब गं, म्हटलं,
पाणी घेतो.